गोल खरे, पण त्यांचा क्रम?

प्रश्न : आमची थोरली कॉलेजात आहे. ती मोबाइलवर कोरियन कार्यक्रम बघते आणि तिच्या शेजारी बसून बसून मलाही त्याचा नाद लागला. दोन कार्यक्रम आम्ही नेमाने बघतो. एकात निवृत्त झालेले मोठमोठे खेळाडू फुटबॉल शिकतात, दुसऱ्यात नट्या, मॉडेल आणि गायिका संघ करून खेळतात. आमचे मिस्टर लहानपणापासून शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेले. ते म्हणतात, ‘हे सगळं ठरवून केलेलं असतंय. ऑलिंपिकचं पदक आणलेल्या माणसाला साधा पास देता येईना होय? आणि प्रत्येक सामना शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा कसा काय होतोय?’ खरं काय समजायचं? शिवाय मुलगी विचारते, तिच्या सहा-सात मैत्रिणी जमल्या तर सुरुवात कुठून करायची? 
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मिस्टरांच्या पहिल्या शंकेत तथ्य नाही. दुसऱ्या शंकेत मात्र आहे, आणि ते बरंच आहे. गॅलरीत वाढलेल्या माणसाची नजर इतक्या दुरूनही चुकली नाही याचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्यांना जे खटकलं तेच डिसेंबर 2021 मध्ये कोरियातल्या प्रेक्षकांनाही खटकलं होतं, आणि त्यावरून तिथे मोठं वादळ उठलं होतं. पण आधी पदकवाल्यांकडे वळू.

तुम्ही बघता तो पहिला कार्यक्रम ‘मुंग-चोया छान्दा’ असणार. नावाचा अर्थ साधारण ‘एकजूट झाली तरच किक बसेल’ असा. जेटीबीसी वाहिनीवर तो 13 जून 2019 रोजी सुरू झाला. संघाचं पहिलं नाव होतं ‘ओच्चोदा एफसी’, म्हणजे ‘कसा कोण जाणे, जमलेला’ संघ. प्रशिक्षक आन जंग-ह्वान. 2002 च्या विश्वचषकात यजमान कोरियाने इटलीला घरी पाठवलं, तो जादा वेळेतला 117 व्या मिनिटाचा गोल याच माणसाचा. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता, जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपे. आन त्या वेळी इटलीतल्याच पेरुजा क्लबकडून खेळत होता. त्या गोलनंतर क्लबच्या मालकाने त्याला परत घेणार नाही असं जाहीर केलं होतं.

अशा माणसाच्या हाती कोणते विद्यार्थी आले ते बघा. ली मान-गी हा कोरियन कुस्तीतला, म्हणजे ‘स्सिरुम’मधला, दिग्गज. स्सिरुममध्ये पैलवान एकमेकांच्या कमरेला आणि मांडीला बांधलेला कापडी पट्टा धरून वाळूच्या हौद्यात लढतात. हो जे हा बास्केटबॉलचा बादशहा. ली बोंग-जूने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं रौप्य मिळवलं आणि 2001 मध्ये बोस्टन जिंकली. यो होंग-चोलचं जिम्नॅस्टिक्समधलं रौप्यही अटलांटाचंच. शिम क्वोन-हो ग्रीको-रोमन कुस्तीत दोन वेगवेगळ्या वजनगटांत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, आणि नेमबाज जिन जोंग-ओ याच्या नावावर तर चार ऑलिंपिक सुवर्णपदकं. असा हा संघ पहिला सामना 0-11 असा हरला.

समोर होते तुमच्या-आमच्यासारखे नोकरी-धंदा करणारे लोक. कोरियात ‘जोगी-छुक्गू’ नावाची एक गोष्ट आहे. शब्दशः अर्थ ‘भल्या पहाटेचा फुटबॉल’. सुट्टीच्या दिवशी उजाडताना शाळेच्या मैदानावर जमायचं, चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी घाम निथळेपर्यंत खेळायचं, मग एकत्र जेवून घरी जायचं. गल्लीगल्लीत असे क्लब आहेत. त्यांतल्या अनेकांना पळताना धाप लागते, पोटं सुटलेली असतात, पण चेंडू कुठे येणार हे त्यांना वीस-वीस वर्षांच्या सवयीने कळतं. पदकवाले हरले ते या सवयीपुढे.

नाटक करून इतकं वाईट खेळता येत नाही, हे मिस्टरांनाही पटेल. हो जे गोलरक्षक म्हणून उभा होता. स्वतःच्या खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू त्याने सरळ हातात उचलला, आणि पंचाने शिट्टी वाजवली तेव्हा आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. जाणूनबुजून दिलेला असा पास गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही हा नियम 1992 पासून आहे. शाहू स्टेडियमवर शेंगा विकणाऱ्या पोरालाही तो ठाऊक असेल. पण ज्याचं अख्खं आयुष्य चेंडू हातात धरण्यात गेलं, त्याचे हात त्या क्षणी विचारायला थांबत नाहीत.

त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीर ‘खेळ’ नावाची एकच गोष्ट शिकत नाही, ते एकेक विशिष्ट काम शिकतं. मॅरेथॉनवाला दोन तासांहून अधिक काळ एका लयीत पळतो. ली बोंग-जूने 2000 साली टोकियोत 2 तास 7 मिनिटं 20 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, एवढी त्याची छाती. फुटबॉलमध्ये मात्र पळणं सतत तुटतं. दहा पावलं जोरात पळा, थांबा, वळा, मागे या, पुन्हा पळा. नेमबाज अंगातली हालचाल नाहीशी करायला शिकतो. पैलवान दोन्ही पाय जमिनीत रोवून वजन खाली ठेवायला शिकतो, आणि फुटबॉलमध्ये चेंडूला पाय लावायचा म्हणजे प्रत्येक वेळी एका पायावर उभं राहणं आलं. त्यातही सर्वांत अवघड असतं ते बघणं. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूला कोण आहे ते टिपून ठेवायचं. नवशिक्याचे डोळे चेंडूला चिकटलेले असतात, म्हणून त्याला मोकळा साथीदार दिसत नाही, म्हणून पास चुकतो.

तुमच्या गावात याचं उलटं उदाहरण आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. फुटबॉल संघांच्या नावात ‘तालीम’ हा शब्द बाहेरगावच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. पण जिथे पोरं कुस्तीसाठी जमत होती तिथेच संघ उभे राहिले, आणि लाल मातीतली रग मैदानावर आली. मात्र त्या रगीला फुटबॉलचं वळण लागायला पिढ्या जाव्या लागल्या. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याच्या पायांमागे त्या पिढ्यांचं काम आहे. ली मान-गीला हे सगळं पन्नाशी उलटल्यावर, कॅमेऱ्यासमोर, काही महिन्यांत करायचं होतं.

आता मिस्टरांची दुसरी शंका. सामने नेहमीच अटीतटीचे कसे?

हा प्रश्न लागू होतो तो तुमच्या दुसऱ्या कार्यक्रमाला. एसबीएस वाहिनीवरचा ‘गोल तेरिनुन कुन्योदुल’. नावात कोटी आहे. कोरियन भाषेत ‘गोल’ म्हणजे आपला फुटबॉलमधला गोल, आणि ‘गोल’ म्हणजे डोक्यातला मेंदूही. ‘गोल तेरिदा’ हा बोलीतला वाक्प्रचार डोकं चक्रावून सोडणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात. म्हणजे ‘गोल मारणाऱ्या बायका’ आणि ‘डोकं चक्रावून सोडणाऱ्या बायका’ असे दोन्ही अर्थ एकात. फेब्रुवारी 2021 मध्ये चांद्र नववर्षाच्या सुट्टीत दोन दिवसांचा प्रयोग म्हणून तो दाखवला, लोकांनी उचलून धरला, आणि जूनपासून दर बुधवारी सुरू झाला. एका बाजूला पाच जणी, दहा-दहा मिनिटांचे दोन भाग. प्रशिक्षक बहुतेक 2002 च्या त्या विश्वचषक संघातलेच.

संघांची रचना मला फार आवडते. मॉडेलचा संघ ‘गुचोक जांगशिन’, म्हणजे नऊ फुटी धिप्पाड. विनोदी अभिनेत्रींचा एक. कोरियात राहणाऱ्या परदेशी स्त्रियांचा एक. राष्ट्रीय खेळाडूंच्या कुटुंबातल्या स्त्रियांचा एक, ज्यात जर्मनी गाजवलेल्या छा बोम-गुन यांची सून, अभिनेत्री हान छे-आ, खेळत होती. ज्या घरात जेवणाच्या टेबलावर फुटबॉलखेरीज दुसरा विषय नसेल, तिथल्या सुनेने पहिल्यांदा स्वतः बूट चढवायचे, यात केवढं काय काय आलं! मॉडेलच्या संघातली ली ह्योन-ई सुरुवातीला चेंडूमागे नुसती धावायची. तीच पुढे संघाची गोल करणारी मुख्य खेळाडू झाली. हे कुणी लिहून देऊ शकत नाही. तिचे पाय आठवड्या-आठवड्याने सुधारत जाताना पडद्यावर दिसतात.

तर, 22 डिसेंबर 2021 च्या भागात या मॉडेलच्या संघाचा सामना ‘वंडरवूमन’ संघाशी दाखवला. वंडरवूमनमध्ये लहानपणापासून लोकगीतांसाठी प्रसिद्ध असलेली गायिका सोंग सो-ही होती, रॉक बँडची गिटारवादक ह्वांग सो-युन होती. दोघी झपाट्याने तयार झालेल्या. पडद्यावर सामना असा दिसला : मॉडेलचा संघ 3-0 पुढे, मग 3-2, मग 4-3, आणि अखेर 6-3. चुरशीचा, छातीत धडधड वाढवणारा.

मग लोक तो भाग पुन्हा पुन्हा थांबवून बघू लागले. कडेला ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या मोजल्या. आधीच्या गोलच्या वेळी जितक्या बाटल्या दिसत होत्या, त्यांचा नंतरच्या गोलशी मेळ बसेना. प्रशिक्षक कुठे आहेत ते ताडून पाहिलं. गोल ज्या क्रमाने दाखवले त्या क्रमाने झालेले नाहीत, हे त्यांनी नुसत्या नजरेने पकडलं. सामना प्रत्यक्षात बराच एकतर्फी होता. मॉडेलच्या संघाने मोठी आघाडी घेतलेली होती, आणि वंडरवूमनचे गोल कापून मधे आणून लावले होते.

24 डिसेंबरला एसबीएसने माफी मागितली. काही भागांमध्ये गोलांचा क्रम बदलून दाखवल्याचं मान्य केलं. निकाल आणि अंतिम गोलसंख्या बदललेली नाही, असंही सांगितलं. सामन्याचं समालोचन करणाऱ्याने सांगितलं की काही वाक्यं त्याच्याकडून नंतर, स्टुडिओत, वेगळी म्हणून घेतली होती, आणि ती कुठे वापरणार याची त्याला कल्पना नव्हती. आणखी तीन दिवसांनी वाहिनीने कार्यक्रमाचा निर्माता आणि मुख्य दिग्दर्शक दोघांनाही बदललं.

‘निकाल तर खराच होता ना, मग एवढं काय?’ असं तेव्हा काहींनी विचारलं. मला तो प्रश्न पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगायला हवं.

रिअॅलिटी कार्यक्रमात कापाकापी असतेच. वीस मिनिटांचा खेळ तासाभरात पसरवतात. एकच गोल चार बाजूंनी दाखवतात. बाकावरच्या बाईचा आ वासलेला चेहरा त्याच गोलच्या वेळचा असेल याची खात्री नसते. कोरियन कार्यक्रमांत तर पडद्यावर रंगीत अक्षरं उमटवून ‘आता हिच्या मनात काय चाललंय’ हेही सांगतात. स्वयंपाकाच्या स्पर्धेत आधी कुणाचं ताट दाखवलं, नंतर कुणाचं, यानं फारसं बिघडत नाही. ताटं एकमेकांवर अवलंबून नसतात.

फुटबॉलमध्ये प्रत्येक गोल आधीच्या गोलवर उभा असतो. 5-0 ने मागे असलेला संघ सगळे पुढे पाठवतो, कारण गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. 3-2 ने मागे असलेला संघ जपून, दबा धरून खेळतो. पुढे असलेला संघ पहिल्या वेळी मोकळा होतो, दुसऱ्या वेळी त्याचे पाय जड होतात. म्हणजे तोच गोल, तोच पाय, तोच कोपरा, पण पाच गोलांच्या पिछाडीवर मारलेला आणि एका गोलाच्या पिछाडीवर मारलेला या दोन वेगळ्या कृती आहेत. क्रम बदलला की त्या बाईने जे केलं ते पुसलं जातं आणि जे तिने केलंच नाही ते तिच्या नावावर लागतं. जिंकणाऱ्या संघाने पहिल्यापासून पकड घेतली होती. पडद्यावर तो कसाबसा तरून गेल्यासारखा दिसला. हरणाऱ्या संघाला जी झुंज दाखवून दिली, ती त्यांची नव्हती. आणि त्या दोन्ही बाजूंच्या बायका खरंच पळत होत्या, खरंच पडत होत्या, गुडघे फोडून घेत होत्या. हौशी खेळाडूला मानधन-पदकापेक्षा मोठी अशी एकच गोष्ट मिळते, ‘अमुक वेळी, असं असताना, मी हे केलं’. तीच तिच्याकडून काढून घेतली गेली. म्हणून मला तो प्रकार संपादनातली साधी चूक वाटत नाही.

आणि त्याची गरजही नव्हती. एकतर्फी सामन्यात बघण्यासारखं काही नसतं, हा समज सामने न बघणाऱ्यांचा असतो. 5-0 ने मागे पडलेला संघ पुढच्या मिनिटाला खांदे पाडतो की चेंडू उचलून धावत मध्यरेषेकडे नेतो, यात चुरशीच्या सामन्याइतकंच नाट्य असतं. शाहू स्टेडियमवर हरलेल्या सामन्यातही आपल्या पेठेच्या पोरांसाठी शेवटपर्यंत ओरडणारी गॅलरी मी पाहिली आहे.

त्यानंतर वाहिनीने केलेल्या सुधारणा साध्या आणि उत्तम आहेत. मैदानाच्या मध्याशी गुणफलक आला, म्हणजे खेळ दिसताना गोलसंख्याही दिसणार. दुसऱ्या भागात संघांनी बाजू बदलायच्या ठरलं, म्हणजे पहिल्या भागातला गोल दुसऱ्यात चिकटवला तर लगेच कळणार. सामन्याला निरीक्षक नेमला. सामन्याच्या मुख्य नोंदी लोकांसमोर ठेवायला सुरुवात झाली. फुटबॉलने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच लावून घेतलेल्या या शिस्ती आहेत. टीव्हीने त्या उशिरा घेतल्या, पण घेतल्या. कार्यक्रम बंद पडला नाही, पुढेही कित्येक वर्षं चालत राहिला. तेव्हा मिस्टरांना सांगा, डिसेंबर 2021 पर्यंतचे भाग बघताना शंका जरूर ठेवा. नंतरच्या भागांत मधला फलक आणि संघांच्या बाजू यांवर नजर ठेवली तर तुम्ही स्वतःच पंच होऊ शकता.

जाता जाता एक. हौशी संघ घेऊन कार्यक्रम करण्याची कल्पना कोरियाची नाही. डेन्मार्कमध्ये 2004 साली ‘एफसी झुलू’ आला. कधीही फुटबॉल न खेळलेली पुस्तकी मुलं निवडून त्यांचा संघ करायचा आणि शेवटी त्यांना मोठ्या संघासमोर उभं करायचं, असा तो साचा. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये तोच ‘नर्ड्स एफसी’ नावाने झाला. तिथल्या कार्यक्रमांत एक शेवटचा सामना असायचा आणि गोष्ट संपायची. कोरियनांनी त्याची लीग केली. हरलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा या. हौशी खेळाशी हेच जास्त इमानदार आहे.

आता तुमच्या मुलीचं. सहा-सात जणी म्हणजे पाच मैदानात, एक-दोन बाहेर. पुरेशा आहेत. अकरा जमण्याची वाट बघू नका, त्यात वर्ष जातं. एखादं टर्फ तासावर घ्या, किंवा शाळेचं पटांगण मागून घ्या. चेंडू फुटसालचा घ्या. तो चार नंबरचा असतो आणि कमी उसळतो, त्यामुळे नवशिक्या पायाखाली लवकर थांबतो. पहिले काही दिवस गोल मारायच्या मागे न लागता दोन-दोनच्या जोडीने पास द्या, आणि पास येण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायचं, एवढा एकच नियम पाळा. सामना दहा-दहा मिनिटांचा ठेवा. नव्याने खेळणारीला तेवढी दहा मिनिटंही लांब वाटतात. मिस्टरांना बघत बसू देऊ नका, त्यांना शिकवायला लावा. गॅलरीतली इतकी वर्षं कामी येतील.

आणि बाहेर असेल तिच्या हातात वही-पेन द्या. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, तेव्हा किती-किती होते, हे तिने जागच्या जागी लिहायचं. पहिल्याच सामन्यात अकरा गोल खाल्ले तरी अकराच्या अकरा लिहायचे, झाले त्याच क्रमाने.